मॅडम, किती पेपर वाचायचे?

ऑपरेशन्स मॅनेजमेंटच्या प्रोजेक्टचं वेळापत्रक फळ्यावर लागलं की दोन दिवसांत हा प्रश्न येतोच: "मॅडम, लिटरेचर रिव्ह्यूला किती पेपर लागतात?" म्हणजे आपल्या विषयावर आधी काय संशोधन झालंय त्याचा आढावा घ्यायला किती शोधनिबंध वाचायचे. डिचोलीची मुलं विचारतात, पेडण्याची विचारतात. हल्ली लग्नाच्या पंगतीत त्यांच्या आयासुद्धा विचारतात. तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून आकडा आधीच सांगून टाकते. तीसेक चाळा, दहा नीट वाचा, आणि त्यातले तीन असे वाचा की तोंडी परीक्षेत कागद न बघता त्यांतली गृहीतकं सांगता आली पाहिजेत. पण या आकड्याचा उपयोग होतो तो तुमचा प्रश्न लहान असेल तेव्हाच.

पहिल्या आठवड्यात येणारे विषय असे असतात: "गोव्यातील सप्लाय चेन मॅनेजमेंट", "पर्यटन उद्योगातील ऑपरेशन्स". यावर तीस काय, तीनशे पेपर वाचले तरी हाती काही लागणार नाही. मी मुलांना म्हणते, रोज जिथे तुमचा जीव वैतागतो तिथून सुरुवात करा. मग मांडवी नदीतल्या चोडण बेटावरचा एखादा मुलगा सांगतो, फेरीबोट. पलीकडच्या काठावर रायबंदरला उतरून कॉलेजला येताना रोज किती वेळ जाईल याचा भरवसा नाही. झाला विषय.

आता गंमत बघा. तो गूगल स्कॉलरवर, म्हणजे शोधनिबंध शोधायच्या गूगलवर, चोडण, फेरी, गोवा असं टाकतो, कामाचं काही मिळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी आनंदात येतो: "मॅडम, रिसर्च गॅप सापडली!" म्हणजे संशोधनात राहून गेलेली जागा. चोडणच्या धक्क्यावर कुणी लिहिलेलं नाही, ही काही गॅप नव्हे. माझ्या घरामागच्या विहिरीवरही कुणी लिहिलेलं नाही. शोधायचं ते तिथे घडणाऱ्या गोष्टीला. फेरीत वाहनं एकेक करून पलीकडे जात नाहीत, एका खेपेत मावतील तेवढी जातात आणि उरलेली पुढच्या खेपेची वाट बघतात. रांगशास्त्रात याला 'बल्क सर्व्हिस' म्हणतात. हे दोन शब्द टाकले की नॉर्मन बेली यांचा १९५४ चा पेपर समोर येतो. तो रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातल्या रांगांवरून सुचलेला आहे. माणसं वाटेल तेव्हा येतात, पण आत घेतली जातात ठरावीक कमाल संख्येच्या गटाने. दवाखान्याचं गणित मांडवीच्या पात्रात चालतं, हे ज्याला दिसलं त्याचा अर्धा रिव्ह्यू झाला. मग त्या पेपरची संदर्भसूची धरून मागे जायचं, 'सायटेड बाय', म्हणजे त्याचा संदर्भ देणाऱ्या नंतरच्या पेपरांची यादी, धरून पुढे यायचं.

वाचल्यामुळे धक्क्यावर काय मोजायचं तेही बदलतं. न वाचलेला मुलगा प्रत्येकाला विचारत सुटतो, "तुम्ही किती वेळ थांबलात?" वाचलेल्याला जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेलं सूत्र माहीत असतं: रांगेतली सरासरी वाहनं म्हणजे येण्याचा दर गुणिले सरासरी थांबण्याचा वेळ. समजा तासाला ४५ वाहनं येतात आणि रांगेत सरासरी १५ उभी असतात, तर सरासरी थांबणं २० मिनिटांचं. कुणाला काही विचारावं लागलं नाही. हे सूत्र वाहनं कोणत्या पद्धतीने येतात याची अटही घालत नाही, फक्त रांग सतत वाढत जाणारी नको.

आणखी एक हिशेब मला फार आवडतो. दोन खेपांत बरोबर १५ मिनिटांचं अंतर असेल, तर कधीही येणाऱ्या माणसाला सरासरी साडेसात मिनिटं थांबावं लागेल. आता तेवढ्याच बोटी, पण एकदा ५ मिनिटांनी आणि एकदा २५ मिनिटांनी सुटल्या असं धरा. सरासरी अंतर तेच १५, पण थांबणं जवळजवळ ११ मिनिटं, कारण लांब अंतरात सापडणारे लोकच जास्त. प्रत्येकाला बोटीत जागा मिळते असं धरूनसुद्धा. म्हणजे बोट न वाढवता, नुसती नियमित सोडली तरी फरक पडतो. असं एक वाक्य निष्कर्षात लिहिता आलं तर प्रोजेक्ट वसूल.

मूळ पेपर उघडा असा माझा हट्ट असतो, आणि मुलं त्याला कंटाळतात. त्यांना मी इकॉनॉमिक ऑर्डर क्वांटिटीची गोष्ट सांगते. एका वेळी किती माल मागवावा याचं हे सूत्र सगळ्या पाठ्यपुस्तकांत आहे, आणि बऱ्याच ठिकाणी 'विल्सनचं सूत्र' म्हणून आहे. विल्सन यांचा लेख १९३४ चा. पण सूत्र मांडलं होतं फोर्ड हॅरिस या इंजिनिअरने, १९१३ साली, कारखानदारांच्या एका मासिकात. मूळ लेख पुढे विस्मरणात गेला. डोनाल्ड एर्लेनकॉटर यांनी तो शोधून काढला आणि १९९० साली 'ऑपरेशन्स रिसर्च' या नियतकालिकात तो पुन्हा छापला गेला. तोवर पिढ्यान्‌पिढ्या लोक न पाहिलेल्या लेखावर बांधलेलं गणित शिकत आणि शिकवत होते. आता तर चॅटबॉट अस्तित्वातच नसलेले पेपर लेखक, वर्ष, पानांसकट बनवून देतो. पीडीएफ उघडून दाखवा, एवढंच मी म्हणते, आणि बऱ्याच जणांचे संदर्भ तिथेच गळतात.

लिहिताना सगळ्यांची एकच खोड: अमुक यांनी असं म्हटलं, तमुक यांनी तसं म्हटलं, प्रत्येकाला एक परिच्छेद. वाचणाऱ्याला हजेरीपट वाचल्यासारखं वाटतं. वेबस्टर आणि वॉटसन यांनी २००२ साली यावर साधा उपाय सुचवला: तक्ता करा, ओळींत लेख आणि स्तंभांत संकल्पना, आणि लिहायला बसलात की स्तंभाने लिहा. फेरीच्या प्रोजेक्टला स्तंभ होतील गटाची क्षमता, खेपांमधली अनियमितता, प्राधान्य कुणाला, आणि थांबणाऱ्याला वेळ कसा वाटतो. शेवटच्यासाठी डेव्हिड मेस्टर यांचा १९८५ चा लेख आहेच. रिकामा वेळ कामातल्या वेळेपेक्षा लांब वाटतो, हे त्यांनी मांडलेलं चोडणवरच्या सलीम अली अभयारण्यात पक्षी बघायला निघालेल्या पर्यटकाला लागू पडतं का, ते मात्र मला तपासून हवंय.

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात आकडे मिळतील या आशेवर कुणी बसू नये. ओळख असली तर फेरफटका मिळतो, साठ्याच्या नोंदी मिळत नाहीत. मग मुलं गूगल फॉर्म काढून मावशी-काकांकडून 'समाधान' एक ते पाचमध्ये भरून घेतात. त्यापेक्षा धक्क्यावर उभं राहणं परवडलं. नदी परिवहन खात्याला आधी एक पत्र द्या, म्हणजे कुणी हटकणार नाही. वहीत तीनच गोष्टी: बोट सुटल्याची वेळ, आत गेलेली वाहनं, आणि मागे राहिलेली वाहनं. तिसरा रकाना चुकवू नका, कारण बोट भरून गेली की रिकामी गेली हे तिथेच कळतं. दुचाकी आणि चारचाकी वेगळ्या मोजा. कामाला निघालेली माणसं सकाळी चोडणच्या बाजूला जमतात आणि संध्याकाळी रायबंदरला, तेव्हा सकाळचे आकडे घ्यायला रायबंदरला जाऊन उभे राहू नका.