गड्ड्यानंतरचं गॅदरिंग

सोलापुरात संक्रांत म्हणजे गड्डा, सिद्धेश्वराची यात्रा. नंदीध्वजांची मिरवणूक, होम मैदानावरचे पाळणे, खाऊची आणि बांगड्यांची दुकानं. आमच्या मुलींच्या बालगृहाचं गॅदरिंग त्यानंतर पंधरा दिवसांनी ठेवायचे. गड्ड्यातून आणलेल्या बांगड्या-टिकल्या मिरवायला मुलींना दुसरा मुहूर्त नसायचा, हे खरं कारण. मी तिथे काळजीवाहक होते. मुली मला मावशी म्हणायच्या.

लहानग्यांचं काही अवघड नसतं. कोळीगीत लावा, डोक्याला रुमाल बांधा, झालं. खरी धमाल चौदा ते सतरातल्या पोरींची. एरवी त्यांचं सगळं दुसरेच ठरवतात. उठायचं कधी, शाळा कुठली, भाजी कसली. कितीजणींची तर जन्मतारीखही शाळेने लावलेली 1 जून. 2016 च्या बाल न्याय नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत वयोगटानुसार बाल समिती, म्हणजे मुलांचीच समिती, असायला हवी. आमच्याकडेही होती, पण वर्षभर तिच्या वहीत 'जेवण चांगले आहे' आणि खाली सह्या. जानेवारीत मात्र तीच समिती तावातावाने भांडायची. नऊवारी कोण नेसणार? लावणी की देशभक्तीपर गीत? अधीक्षक बाईंना दुसरं हवं असायचं. शेवटी दोन्ही व्हायची, आधी देशभक्ती.

त्या पंधरवड्यात रात्री उठून बसणाऱ्या पोरी गाढ झोपायच्या. दमायच्या हे आहेच, पण उद्या आपल्यावाचून काहीतरी अडणार आहे, हेही असणार. एकजण नवीन आलेली, जेवायची नाही, बोलायची नाही. समुपदेशक बाई आठवड्यातून एकदा येऊन तिच्याशेजारी बसायच्या. तिला विचारलं, नाचात घेऊ का? म्हणाली, "स्टेज नको, पडदा द्या." पडदा म्हणजे दोरीवर ओवलेल्या सोलापुरी चादरी, ओढायला जड. तिने त्यात दुसऱ्या कुणाला हातच लावू दिला नाही. कार्यक्रमाच्या दिवशी नाचाच्या पोरी आरशापुढून हलेनात, तेव्हा ही ओरडली, "ए भवान्यांनो, वेळ झाली!" तिचा एवढा मोठा आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकला.

पाहुण्यांबद्दल बोलतेच. वर्षभर कुणी ना कुणी आपल्या मुलाचा वाढदिवस साजरा करायला केक घेऊन यायचं. हेतू चांगलाच. पण ओळखदेख नसलेल्या पोरासाठी रांगेत उभं राहून टाळ्या वाजवायच्या, हे मोठ्या मुलींना नको व्हायचं. त्या नेमक्या तेव्हाच कपडे धुवायला जायच्या. गॅदरिंगला उलटं. पाहुणे खाली खुर्च्यांवर, टाळ्या त्यांनी वाजवायच्या. बाल न्याय कायद्याच्या 74व्या कलमामुळे मुलींची ओळख उघड करता येत नाही, म्हणून पेपरात फोटो यायचा तो पाठमोरा. एकीने तो कापून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला होता. "मावशी, यात सगळ्यात चांगली वेणी माझीच आलीय."

मला मात्र सगळ्यात आवडायच्या त्या परत येणाऱ्या माजी मुली. कुणाच्या कडेवर बाळ, कुणी नर्सिंगला, कुणी गारमेंटच्या कारखान्यात. अठरा पूर्ण झाली की बालगृह सुटतं. कायद्यात एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यावरच्या आधाराची, सोय आहे, पण मुलींची अनुरक्षण गृहं काही प्रत्येक जिल्ह्यात नाहीत. त्यामुळे सतरा वर्षांच्या पोरींचं अर्धं लक्ष स्टेजवर आणि अर्धं मागच्या बाकावर. खोलीचं भाडं किती? डिपॉझिट मागतात का? आईवडील काय करतात विचारलं तर काय सांगायचं? 2018 मध्ये अनाथांना 1 टक्का आरक्षण मिळालं, त्यानंतर अनाथ प्रमाणपत्राची चौकशीही त्यात आली. कुठल्या कागदापायी कुणाचं अडलं, हे त्या बाकावर आम्हा कर्मचाऱ्यांपेक्षा जास्त ठाऊक असायचं. एकदा तर लावणी चालू असताना मागे चौघीजणी पोलीस भरतीचा फॉर्म वाचत बसलेल्या.

अधीक्षक बाई चिडल्या. पण पुढच्या वर्षी बाल समितीने वहीत रीतसर ठराव लिहिला: कार्यक्रम चार वाजता, माजी मुलींना बोलवायचं दोन वाजता, आणि त्या दोन तासांत खोलीत कर्मचारी नकोत. जेवणाची वेळ अलीकडे घ्यावी लागणार म्हणून बाई बरंच कुरकुरल्या. मग केली सही.