जाळी कोणाच्या हद्दीत?

पावसाळी गटारावरच्या लोखंडी जाळीच्या पट्ट्या रस्त्याला आडव्या असाव्यात, हे कळायला इंजिनियर व्हावं लागत नाही. पट्ट्या उभ्या बसवल्या की सायकलचं चाक सरळ फटीत जातं. अंधेरीत मी ज्या रस्त्याने कामाला जातो तिथे डाव्या कडेला ओळीने अशाच जाळ्या होत्या. जाळी चुकवायला उजवीकडे सरकलं की मागून बसचा हॉर्न. पहाटे कॅरियरवर पाव लादून निघालेले पाववाले तर सवयीनेच रस्त्याच्या मधोमध येतात. सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू, कुठेही सायकल नेता येत नाही. आम्हाला उरतात ते हे जुने रस्ते, मग ते तरी धड द्या.

फोटो, अर्ज, शेजाऱ्यांच्या सह्या, सगळं पटकन झालं. अडलं ते महापालिकेच्या आवक खिडकीवर.

‘रस्ता आमचा, पण जाळी गटारांच्या खात्याची.’ त्या खात्यात गेलो. ‘जाळी आमची, पण बसवली रस्त्याच्या कंत्राटदाराने. तिकडेच जा.’ पुन्हा तिकडे, तर साहेब साइटवर. साहेब कायम साइटवर असतात, तरी साइटची ही अवस्था! खिडकीवरच्या बाई स्वभावाने चांगल्या होत्या, पाणी विचारलं, पण पोच द्यायला तयार नाहीत. ‘ठेवून जा ना, बघतील साहेब.’ पोच दिली की आवक क्रमांक पडतो आणि क्रमांक पडला की कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत. अर्ज असा कधीही ठेवून येऊ नका. दुसरी प्रत न्या, तिच्यावर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मागे रांग कुरकुरते, कुरकुरू दे.

शेवटी माहितीचा अधिकार लावला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, आणि महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे साधारण १५० शब्दांच्या आत. जाळ्या अशा ‘का’ बसवल्या, असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. देखभाल कोणाकडे आहे त्या नोंदीची प्रत द्या, कामाच्या आराखड्याची प्रत द्या, असं लिहा. पुन्हा तेच, ‘आमच्याकडे येत नाही.’ या वेळी मी तयारीत होतो. म्हटलं, नसेल येत तर ज्यांच्याकडे येतं त्यांच्याकडे तुम्हीच वर्ग करा, माहिती अधिकार कायद्याचं कलम ६(३), पाच दिवसांत. बाईंनी मान वर केली, आतून कोणाला तरी बोलावलं, आणि धाडकन शिक्का बसला. तो आवाज ऐकून मला झालेला आनंद बायकोला अजून समजत नाही.

३० दिवस उलटले, उत्तर नाही. वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील केलं. सुनावणी व्हायच्या आतच जाळ्या फिरवून आडव्या बसवल्या गेल्या. आराखड्याची प्रत मात्र अजून आलेली नाही.

हो, राहिलंच. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेची सायकल ट्रॅकसाठी मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आयआरसी ११. पत्रात त्यांचा उल्लेख करा, समोरचा जरा सावरून बसतो. आणि फोटोत नुसती जाळी नको, फटीत गेलेला टायर दिसला पाहिजे.

समोरच्या बाजूच्या जाळ्या तशाच आहेत. ते कंत्राट वेगळं आहे म्हणे. त्यांचाही अर्ज परवा दिला, पोच घेऊन.