नळीवर भागेल की ऑपरेशनच?

तुम्ही विचारलंत म्हणून. न्यूमोनियानंतर छातीत पू झाला, नळी टाकली, आठवडे उलटले तरी ताप हटत नाही. आता अँटिबायोटिकवरच थांबायचं की ऑपरेशन करून घ्यायचं?

पू किती आहे यापेक्षा तो किती जुना आहे, हे आधी पाहावं. सुरुवातीला नुसतं पातळ पाणी असतं. मग त्यात जाळ्या धरून कप्पे पडतात. आणखी काही आठवडे गेले की फुफ्फुसावर जाड साल चढते आणि ते फुगेनासं होतं.

पाण्याचा पीएच (आम्लतेचं माप; कमी म्हणजे जास्त आम्ल) 7.2 च्या खाली असेल किंवा सरळ पूच निघाला, तर नळी टाळत बसू नये. सोनोग्राफीवर बघून टाकलेली 12-14 फ्रेंचची (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) बारीक नळी बहुतेकांना पुरते, पण ती तुंबते; म्हणून दर 6 तासांनी 20-30 मिली सलाईनने धुवायची. पू यायचा थांबला की नळी काढून टाकणं ही नेहमीची चूक. नळीचं बाहेरचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेलं असतं, आधी तिकडे बघा: श्वासागणिक पाणी वरखाली होतंय का? होत नसेल तर नळी मुडपली असेल, तुंबली असेल, नाहीतर फुफ्फुस खरोखरच पूर्ण फुगलं असेल. यातलं काय ते एक्स-रेवर कळतं.

कप्पे पडले असतील तर नळीतून टीपीए (जाळ्या विरघळवणारं औषध) 10 मिग्रॅ आणि डीएनेज (पू पातळ करणारं औषध) 5 मिग्रॅ, दिवसातून दोनदा, 3 दिवस. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन्ही मिळून दिल्यावरच फायदा दिसला, एकेकट्याने नाही. रक्तस्रावाचा धोका असलेल्यांना मात्र जपून. बाटलीत सतत बुडबुडे येत असतील तर श्वासनलिकेला भोक असू शकतं. अशा वेळी नळीतून काहीही आत सोडू नये, ते चांगल्या फुफ्फुसात उतरतं.

औषधाने जाळ्या सुटतात, साल सुटत नाही. तिथे डीकॉर्टिकेशन, म्हणजे ती साल सोलून काढणं: लवकर गेलात तर दुर्बिणीतून, उशीर झाला तर बहुधा छाती उघडून. त्यानंतर काही दिवस हवा गळते, रक्तही जातं. शिवाय टीबीने आतलं फुफ्फुसच पोखरलं असेल, तर साल काढूनही ते फुगत नाही. म्हणून आधी सीटी स्कॅन आणि ब्रॉन्कोस्कोपी (दुर्बिणीने श्वासनलिका आतून बघणं) हवीच. पेशंट फारच अशक्त असेल तर बरगडीचा तुकडा काढून छातीला खिडकी ठेवतात. मग महिनोन्‌महिने ड्रेसिंग.

नुसती सीटीत साल दिसली म्हणून मात्र ऑपरेशनच्या टेबलावर जाऊ नका. ताप गेला, भूक लागतेय, जिना चढताना दम लागत नाही, तर काही महिने थांबून पुन्हा स्कॅन करा; बरीचशी साल आपोआप पातळ होते.