रॅक वाढवून जागा होत नसते

परवा साहेबांनी परत विचारलं, रेकॉर्ड रूमला अजून किती रॅक लागतील, आणि मी परत तेच म्हटलं की रॅकचं नंतर बघू, आधी आत काय कोंबलंय ते बघा.

रेकॉर्डची जागा चौरस फुटात मोजून भागत नाही, फाईली उभ्या ओळीत लावल्या तर किती मीटर भरतात ते मोजायचं असतं. एक मीटर ओळ म्हणजे साधारण 40-50 किलो कागद. ते रुळांवर सरकणारे रॅक, म्हणजे कॉम्पॅक्टर असतात ना, त्यांचं सगळ्यांना फार कौतुक, मधल्या वाटा वाचतात म्हणून त्याच खोलीत जवळपास दुप्पट माल बसतो हे खरंय, पण मग वजनही दुप्पट झालं की, स्लॅब ते पेलेल का हे इंजिनिअरला ऑर्डर देण्याआधी विचारायचं असतं, माल येऊन उभा राहिल्यावर नाही.

आणि गच्च भरलेल्या मजल्याला आग लागली तर? अमेरिकेत सेंट लुईसला सैनिकांच्या सर्व्हिस रेकॉर्डची इमारत 12 जुलै 1973 ला पेटली. जो मजला जळला तिथे आगीवर आपोआप पाणी फवारणारे स्प्रिंकलरच नव्हते. 1.6 ते 1.8 कोटी फाईली गेल्या, आणि ना दुसरी प्रत होती ना मायक्रोफिल्म. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने काही रेकॉर्ड चेशायरच्या मिठाच्या खाणीत ठेवलंय, खोल जमिनीखाली, तिथली हवा मुळातच कोरडी. पण मिठाची खाण सगळ्यांच्या नशिबात कुठली!

मागच्या महिन्यात एक खोका उघडला. वरती एकाच परिपत्रकाच्या अकरा झेरॉक्स, खाली मुदत कधीच संपलेले रजेचे अर्ज, त्याखाली गंजलेल्या टाचण्यांचे डाग पडलेली बिलं, आणि सगळ्यात तळाशी एक मूळ नकाशा, घडीवर फाटलेला. म्हणजे जपायची वस्तू चेंगरली आणि फेकायची वस्तू वर आरामात बसली. अमेरिकेत सरकारी कामात तयार होणाऱ्या कागदांपैकी 1 ते 3 टक्केच कायमचे ठेवतात. बाकीचे मुदत संपली की नष्ट. कुठला कागद किती वर्षं ठेवायचा याचे, मुदतीचे तक्ते आमच्याकडेही आहेत, छान टाईप केलेले, पण नष्ट करायच्या यादीवर सही करायची म्हटली की सगळ्यांना मीटिंग आठवते. उद्या नेमका तोच कागद कोर्टाने मागितला तर? भीती खोटी नाही, पण म्हणून सगळंच ठेवायचं म्हटलं तर हवा तो कागद सापडणार कसा ते कोणी सांगत नाही.

मग कोणीतरी म्हणतंच, स्कॅन करून टाका. अहो, कचरा स्कॅन केला तरी कचराच, आणि कायमच्या रेकॉर्डचं मूळ बहुतेक वेळा स्कॅननंतरही जपावंच लागतं, वर सर्व्हर, बॅकअप, दर काही वर्षांनी फॉरमॅट बदलणं हा खर्च वेगळाच.

आमची नष्ट करायची यादी तयार आहे. तीन आठवडे झाले, सहीसाठी टेबलावर पडून आहे, काल तिच्यावर दोन नवे गठ्ठे आणून ठेवलेत.