साबणाच्या कार्यशाळेला जाताय? आधी विचारा, कॉस्टिक आहे का?

आधी पैशांचं सांगते, कारण मनात अजून तेच खुपतंय. मावशीचे आणि माझे मिळून ४,६०० रुपये गेले आणि हातात आल्या शंभर-शंभर ग्रॅमच्या सहा वड्या. एक वडी ७६६ रुपयांना पडली. आणि ती आम्ही बनवलेलीही नव्हती.

पुण्यातल्याच एका स्टुडिओत गेलो होतो. 'स्वतःच्या हातांनी साबण बनवा', माणशी १,८५० रुपये. वातानुकूलित खोली, पांढरे एप्रन, काचेच्या बरण्यांत गुलाबाच्या पाकळ्या. समोर पारदर्शक वड्यांचे चौकोनी तुकडे ठेवले आणि सांगितलं, हे मायक्रोवेव्हमध्ये वितळवा, रंग घाला, साच्यात ओता. चाळीस मिनिटांत वड्या तयार. मावशीने तो तुकडा बोटांत धरून पाहिला आणि मला हळूच म्हणाली, "अगं, हा तयार साबणच आहे. आपण नुसता वितळवतोय." मावशीने शाळेत कार्यानुभवाच्या तासाला खोबरेल तेल आणि कॉस्टिक, म्हणजे कातडी भाजणारा कॉस्टिक सोडा, घालून साबण केलेला आहे, तिला फसवणं सोपं नाही. मी मात्र तोवर दोन रंग मिसळून खूश होते.

तो तुकडा म्हणजे 'बेस'. घाऊक दुकानात मी नंतर चौकशी केली तर किलोला पावणेतीनशे रुपये. वर सुगंधी तेलाचे २५०, खोक्याचे १२०, नावाच्या शिक्क्याचे ८०. हे तिन्ही आकडे माणशी, आणि एकही नोंदणी करताना सांगितलेला नव्हता. लहान मुलांचा वाढदिवस असेल तर तिथे जरूर जा, मुलांना मजा येईल, धोका काही नाही. मोठ्या माणसांनी जाऊ नये.

तेव्हा फोनवर एकच प्रश्न विचारा: "कॉस्टिक वापरता का?" उत्तर "आमचं सगळं केमिकल-फ्री आहे" असं आलं तर फोन ठेवा. तेल आणि कॉस्टिक सोडा यांची क्रिया झाल्याशिवाय साबण होतच नाही. प्रमाण बरोबर असेल तर मुरल्यावर वडीत कॉस्टिक शिल्लक राहत नाही, साबण आणि ग्लिसरीन उरतं. पण सुरुवातीला ते लागतंच. कॉस्टिक नाही म्हणणारी मंडळी दुसऱ्या कुणीतरी केलेला साबण वितळवतात.

मग आषाढात आम्ही मुळशीकडे, पौडच्या पुढच्या एका शेतावरच्या कार्यशाळेला गेलो. माणशी १,४०० रुपये, त्यात सगळं आलं, वर एक रुपया घेतला नाही. सकाळी साडेसातला चांदणी चौक सोडला तरी पिरंगुटपर्यंत गाड्यांची रांग होतीच. 'अगदी रस्त्याला लागून' असं कळवलं होतं, ते खरं नाही. डांबरी संपल्यावर दोन किलोमीटर चढाचा लाल चिखल आहे, छोटी गाडी तिथे घसरते आणि फसते. गाडी खाली गावात लावा आणि चाला. जेवायला पिठलं-भाकरी होती, चांगली होती. बाकी धबधबे वगैरे वाटेत दिसतातच.

आता खरं काम. पाचशे ग्रॅम तेलाचा घाणा: ३०० ग्रॅम खोबरेल, १५० शेंगदाणा, ५० एरंडेल. प्रत्येक तेलाला कॉस्टिक वेगळं लागतं. एक ग्रॅम खोबरेलाला साधारण ०.१८३ ग्रॅम, शेंगदाण्याला ०.१३६, एरंडेलाला ०.१२८. बेरीज ८१.७ ग्रॅम होते. त्यातून पाच टक्के कमी करायचे, म्हणजे थोडं तेल मोकळं राहतं आणि वडी कातडी ओढत नाही. आम्ही ७७.६ ग्रॅम घेतलं. ग्रॅमचा दशांश दाखवणारा काटा तिथे होता. जिथे चमच्याने किंवा वाटीने मोजतात तिथून उठून या.

पाणी दीडशे ग्रॅमच्या वर थोडं. पाण्यात कॉस्टिक सोडायचं. कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही, उसळून अंगावर येतं. बघता बघता भांडं ऐंशी अंशांच्या पुढे तापतं आणि नाकाला झोंबणारी वाफ निघते. हे ओसरीवर केलं, म्हणून बरं. भांडी स्टीलची किंवा जाड प्लास्टिकची. ॲल्युमिनियमचं पातेलं चालत नाही, कॉस्टिक ते खातं आणि हायड्रोजन सुटतो. पूर्ण बाह्यांचा सुती कपडा, बंद बूट, चष्मा असला तरी वरून गॉगल. सँडल घालून आलेल्या एका मुलीला तिथे गमबूट दिले, ते तिच्या मापाचे नव्हते आणि दिवसभर ती अडखळत होती. एक गोष्ट तिथेही चुकीची सांगितली: अंगावर थेंब उडाला तर व्हिनेगर लावा. लावू नका. नळाखाली हात धरा आणि पंधरा मिनिटं धरूनच ठेवा.

तेल आणि द्रावण दोन्ही चाळीस अंशांवर आली, एकत्र ओतली आणि त्याच क्षणी वीज गेली.

हॅन्ड ब्लेंडरने हे काम पाच मिनिटांचं. आम्ही ते रवीने पंचावन्न मिनिटं घोटलं. घोटणं थांबवलं की तेल वर येतं, म्हणून थांबता येत नाही. दहा मिनिटांनी मनगट भरून आलं, वीस मिनिटांनी खांदा. मावशी एकसष्ट वर्षांची, तिने माझ्यापेक्षा जास्त वेळ घोटलं आणि मध्ये एकदाही भांडं खाली ठेवलं नाही. नंतर माझा उजवा हात इतका दुखत होता की चहाचा कप डाव्या हाताने उचलत होते. पावसाळ्यात मुळशीकडे वीज जाणारच, हे त्यांना ठाऊक असायला हवं होतं. बॅटरीवरची सोय आहे का, हे विचारूनच जा. नाही म्हणाले तर पावसाळ्यानंतर जा. मनगटाचं दुखणं असेल तर जाऊच नका.

शेवटी मिश्रण कस्टर्डसारखं झालं, रवी उचलली की वरून पडणारी धार पृष्ठभागावर तशीच रेघ ठेवून राहिली. याला 'ट्रेस आला' म्हणतात. ती रेघ पहिल्यांदा दिसली तेव्हा ओसरीवरचे सगळे ओरडले, मीसुद्धा. शेजारच्या जोडप्याने नेमक्या त्या वेळी लवंगेचं तेल घातलं आणि अर्ध्या मिनिटात त्यांच्या पातेल्यात गोळा झाला, ओतता येईना, हातमोज्यांनी दाबून साच्यात भरावा लागला. लवंग आणि दालचिनीने साबण फार लवकर घट्ट होतो. पहिल्यांदा करत असाल तर लव्हेंडर घ्या. मी हळद घातली होती. पिवळी वडी होईल असं मनात होतं, झाली विटकरी-लाल. मावशी म्हणाली, "हळदीला चुना लावला की कुंकू होतं, विसरलीस?" पिवळाच रंग हवा असेल तर हळदीच्या नादी लागू नका.

आणि महत्त्वाचं: त्या दिवशी रिकाम्या हाताने घरी यावं लागतं. साचा चोवीस तास झाकून ठेवतात, मग वड्या कापतात आणि चार ते सहा आठवडे जाळीवर मुरवतात. हे नोंदणी करताना कुणीच सांगत नाही. मुलांना 'आज साबण आणू' असं सांगून निघू नका. बारा वर्षांखालच्यांना तिथे कॉस्टिकजवळ येऊही देत नाहीत, ते योग्यच आहे. वड्या कुरियरने येतात, पत्ता नीट लिहून द्या. आमच्या पावसाळी वड्यांना सहाऐवजी पूर्ण आठ आठवडे लागले आणि तरी त्यांच्यावर दमट हवेत पाण्याचे बारीक थेंब धरतात. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं, वडी खराब झालेली नसते. जाळीच्या साबणदाणीत ठेवा, सपाट डबीत ठेवली तर खालून विरघळून जाते.

शेवटी 'एका दिवसात साबणाचा व्यवसाय शिका' असंही कार्यशाळेच्या पाटीवर होतं. घरात वापरायला आणि नातेवाइकांना द्यायला शिकाल, एवढंच. विकायचा असेल तर सौंदर्यप्रसाधनांचा परवाना लागतो आणि तो अन्न व औषध प्रशासनाकडून घ्यावा लागतो. हे त्यांनी सांगितलं नाही.

माझ्या वडीला फेस बेताचा येतो, पण दाट येतो, आणि आंघोळीनंतर कातडी ताणत नाही. एवढा चांगला साबण मी आयुष्यात विकत घेतलेला नाही. मावशीने तिच्या चार वड्या दिवाळीसाठी कपाटात ठेवल्या आहेत. तुम्हाला पहिल्या आंघोळीला स्वतःची वडी हवी असेल तर अनंत चतुर्दशीच्या आत जाऊन या. तिथून नरक चतुर्दशीपर्यंत दीड महिना मिळतो, आणि वडीला तेवढा लागतोच.