वॉश आणि शिरोरेषा

जलरंगाचा पातळ वॉश (भरपूर पाणी घालून पसरलेला रंगाचा थर), त्यावर काळ्या शाईने काढलेले साधे रेखाचित्र आणि त्याच कागदावर हाताने लिहिलेले चार शब्द, एवढ्या सामग्रीवर उभी राहणारी चित्रे हल्ली भेटकार्डांवर, पुस्तकखुणांवर आणि लग्नाच्या पत्रिकांवर सर्रास दिसतात. चित्रकलेच्या दरबारात त्यांना फारसा मान नाही. तरीही या प्रकारात मराठीत लिहिणाऱ्यालाच पडणारी एक अडचण आहे आणि मला त्या अडचणीतच या छंदाची खरी गोडी वाटते. पाहायला मिळणारे नमुने बहुतेक रोमन लिपीचे असतात. रोमन अक्षर खालच्या रेघेवर उभे राहते, तर देवनागरी अक्षर वरच्या रेघेला, म्हणजे शिरोरेषेला, लटकते. कागदावर रंग आणि पाणी आधीच वरून खाली उतरलेले असले, की हा फरक लिपीपुरता राहत नाही, तो चित्राच्या रचनेचा होतो.

नाशिककराला हे पटवायला गोदाघाटाइतकी सोयीची जागा नाही. रामकुंडाच्या आसपासचे सारे काही वरून खाली येते: देवळांची शिखरे, वाड्यांच्या भिंती, दगडी पायऱ्या आणि शेवटी पाणी. त्या पाण्यात दुतोंड्या मारुती उभा आहे. पावसाळ्यात गोदावरीचे पाणी त्याच्या कमरेला लागले की छातीपर्यंत चढले, यावरून शहर पुराचा अंदाज घेते. धरणातून किती क्युसेक पाणी सोडले, हा आकडा त्यानंतर विचारला जातो. रेखाचित्रासाठी हा मारुती उत्तम, कारण त्याची बाह्यरेषा सुटसुटीत आहे आणि तो कागदावर उभा केला की पाण्याची पातळी आपोआप ठरते. वॉश कुठे थांबवायचा, हा नवशिक्याला छळणारा प्रश्न तोच सोडवून टाकतो.

वॉशची रीत सोपी आहे आणि ती सारी उतारावर अवलंबून आहे. कागद फळ्यावर चिकटपट्टीने चारी बाजूंनी बसवायचा, फळ्याखाली एखादे जाडसर पुस्तक सरकवून त्याला थोडा कल द्यायचा आणि भरल्या ब्रशने वरच्या कडेला रंगाचा एक आडवा पट्टा ओढायचा. पट्ट्याच्या खालच्या कडेला रंगीत पाण्याचा एक फुगीर थर साचतो. पुढचा पट्टा त्या थराला स्पर्श करून ओढायचा आणि प्रत्येक वेळी ब्रशमध्ये थोडे पाणी वाढवत जायचे. असे केले की वरचे गडद निळे आकाश खाली येता येता फिके पडते, आणि खरे आकाशही माथ्यावर गडद व क्षितिजापाशी फिके असतेच. कागद मात्र 300 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा) असावा. त्याहून पातळ कागद पाण्याने फुगून वर-खाली होतो आणि रंग त्याच्या खळग्यांत जाऊन बसतो.

आता अक्षरांकडे. रोमन नमुन्यांत शब्द बहुधा चित्राच्या तळाशी, जमिनीच्या जागी बसवलेले असतात आणि तिथे ते शोभतात, कारण त्यांना पाय ठेवायला काहीतरी हवे असते. तीच मांडणी जशीच्या तशी उचलून मराठी शब्द तळाशी लिहिला, की शिरोरेषा पाण्याच्या मध्यावर एक आडवी काळी पट्टी मारून जाते आणि चित्र दोन भागांत कापले जाते. माझ्या मते देवनागरी शब्दाची जागा वरच्या तिसऱ्या हिश्शात आहे. आकाशातून एक रेघ जावी आणि अक्षरे तिच्यापासून खाली यावीत, म्हणजे वॉश ज्या दिशेने उतरला त्याच दिशेने तीही उतरतात. फक्त शिरोरेषेच्या वर मोकळी जागा राखावी लागते, कारण मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार ही सगळी मंडळी तिथे राहायला येतात; खाली उकार आणि जोडाक्षरांची शेपटे असतात. दोन ओळी लिहायच्या असतील तर पहिल्या ओळीचे उकार दुसऱ्या ओळीच्या वेलांट्यांना भिडणार नाहीत एवढे अंतर हवे, म्हणजे रोमनच्या मानाने बरेच जास्त.

मोडी लिहिणाऱ्या जुन्या कारकुनांना हे सारे उपजतच ठाऊक असावे. ते कागदावर आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघा ओढून घेत आणि मग बोरूची लेखणी फारशी न उचलता त्या रेघांखाली अक्षरे जोडत जात. आपल्या पिढीने मात्र अक्षरे शिकली ती शासकीय रेखाकला परीक्षेत, जिथे भूमिती आणि अक्षरलेखन एकाच पेपरात असे. कंपासपेटीतून बाहेर आलेली ती अक्षरे शिस्तीची होती यात वाद नाही. पण ओल्या ढगावर कोणी पट्टीने आखलेली ठोकळेबाज अक्षरे बसवली, की गोदावरीच्या आकाशात सहकारी गृहरचना संस्थेची पाटी लावल्यासारखे दिसते.

निबचाही एक पेच आहे. दुकानात मिळणारे कट निब, म्हणजे छाटलेल्या टोकाचे निब, बहुधा रोमन लिपीसाठी घडवलेले असतात. देवनागरीला निबच्या टोकाचा तिरपा छाट त्याच्या उलट दिशेने लागतो. रोमनच्या निबने मराठी लिहायचे तर मनगट वाकडे करावे लागते, नाहीतर जाडपणा आणि बारीकपणा भलत्याच जागी येतात. बोरू असेल तर प्रश्न मिटतो, कारण त्याचा छाट आपणच सुरीने हवा तसा घेतो. संगणकावरील ‘मंगल’ या अक्षरसंचाचे रचनाकार र. कृ. जोशी हे मुळात सुलेखनकारच होते, हे अशा वेळी आठवते. नाटकांच्या जाहिरातींतील नावे हाताने घडवणारे कमल शेडगे 2020 मध्ये गेले. त्यांची अक्षरे नाटकाचा स्वभाव शब्द वाचण्याआधीच सांगून टाकत. वॉशवर लिहिणाऱ्याने त्यांच्याकडून धडा घ्यावा तो असा, की अक्षराने स्वभाव दाखवायचा ठरवले असेल तर मागच्या रंगाने गप्प राहावे. दोन्ही एकाच वेळी बोलू लागले की वाचणाऱ्याला काहीच ऐकू येत नाही.

आधी रेघ की आधी रंग, यावर या छंदातली माणसे हिरिरीने वाद घालतात. मी आधी रंग देतो. रेघ आधी काढली की ब्रश तिच्या आत रंग भरत बसतो आणि मग चित्रात पाण्याचे काही चालत नाही. आधी वॉश दिला, तर त्याच्या अंगच्या आकारांवरून पायरी कुठे काढायची आणि शिखर कुठे, हे ठरवता येते. मात्र शाई लावण्यापूर्वी कागद पुरता वाळलेला हवा. हाताच्या पालथ्या बाजूने तो चाचपून पाहावा. गार लागला तर आत ओल आहे असे समजावे, कारण बाष्पीभवन चालू असलेला पृष्ठभाग गार लागतो. ओलसर कागदावर शाई तंतूंच्या वाटेने पसरते आणि मारुतीला मिशा फुटतात.

शाई कोणती, हेही महत्त्वाचे. जुन्या पोथ्यांची शाई काजळी आणि डिंकाची असे; ती टिकाऊ असली तरी पाणी लागले की डिंक विरघळतो. चित्रकामाच्या वॉटरप्रूफ काळ्या शाईत लाखेचा अंश असतो, त्यामुळे वाळल्यानंतर तिच्यावरून ओला ब्रश फिरवला तरी ती हलत नाही. ही शाई फाउंटन पेनात मात्र भरू नये, ती आत वाळून वाट बंद करते. दांडेकरांचा कॅम्लिन हा उद्योग 1931 मध्ये सुरू झाला तोच शाईपासून, आणि ‘कॅमल’ची बाटली आजही कोपऱ्यावरच्या स्टेशनरी दुकानात सहज मिळते. शाळेची निळी शाई पाण्यात विरघळते, पण ती टाकून देण्यासारखी मुळीच नाही: तिने रेघ काढून एका बाजूने ओला ब्रश लावला, की रेघेतूनच सावली बाहेर येते.

सावलीचा विषय निघाला म्हणून सांगतो. नाशिकरोडला 1925 मध्ये सिक्युरिटी प्रेस सुरू झाला आणि 1928 पासून तिथे नोटाही छापल्या जाऊ लागल्या, त्यामुळे बारीक रेघेचे शहर म्हणून नाशिकने मिरवायला हरकत नाही. नोटेवरचा गांधीजींचा चेहरा भिंगाखाली धरून पाहावा. गालाचा उंचवटा, कपाळावरची छाया, हे सारे जवळजवळ आणि दूरदूर कोरलेल्या रेघांनी साधलेले आहे. तिथे वॉश नाही, म्हणून छायेचे काम रेघेने उचलले. आपल्या चित्रात छाया वॉशनेच दिलेली असते, मग पुन्हा रेघांची जाळी विणून तेच सांगण्याचे कारण उरत नाही. या प्रकारातली रेखाचित्रे साधी असतात ती याच कारणाने. त्या साधेपणाला आळस समजणाऱ्यांनी एकदा वॉशवर जाळी विणून पाहावी. नाशिकचेच शिवाजी तुपे जलरंगात निसर्गचित्रे रंगवत, तेव्हा त्यांना काळ्या रेघेची गरज पडत नसे. ती गरज आम्हा हौशी लोकांना पडते.

देवळांचा दगड रंगवताना मात्र काळ्या रंगाला हात लावू नये. काळारामाचे मंदिर काळ्या पाषाणाचे असले, तरी नळीतून काढलेला काळा रंग तिथे निर्जीव दिसतो. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग मिसळला, की उत्तम करडा मिळतो. अल्ट्रामरीनचे कण वॉशमध्ये तळाशी बसतात आणि कागदाच्या खळग्यांत गोळा होतात, त्यामुळे करड्या रंगाला आपोआप दगडाची खरखर येते. पाण्याच्या अशा आणखी काही खोड्या आहेत. वॉशची कड वाळताना मधल्या भागापेक्षा गडद होते, कारण कडेचे पाणी लवकर उडते आणि आतले पाणी रंगाचे कण घेऊन तिकडे धाव घेते. अर्धवट वाळलेल्या वॉशवर थेंब पडला, तर तो रंगाला बाहेर ढकलतो आणि फुलकोबीसारखी वेडीवाकडी कड उमटते. वैशाखाच्या दुपारी रंग ब्रशखालीच वाळतो आणि अशा कडा जागोजागी राहतात; श्रावणात वॉश तासन्‌तास ओला राहतो. आकाश रंगवायला म्हणूनच नाशिकचा हिवाळा चांगला. सकाळी वॉश द्यावा, जेवण उरकावे आणि मग लिहायला बसावे.

काय लिहावे, यावर माझे मत जरा कडक आहे. 27 फेब्रुवारीला, म्हणजे मराठी भाषा गौरव दिनी, कुसुमाग्रजांची अख्खी कविता एका वॉशवर लिहिण्याची हौस कुसुमाग्रजांच्याच गावात अनेकांना येते, आणि कविता व आकाश दोन्ही गुदमरतात. दोन शब्द पुरेत, आणि सर्वांत चांगले म्हणजे एकच नाव. बारशाच्या कार्डासाठी शेजारपाजारचे लोक माझ्याकडे येतात, तेव्हा मी आधी नाव विचारतो आणि मग आकाश किती ठेवायचे ते ठरवतो. ‘सिद्धी’ला वर दोन वेलांट्या आणि खाली द्धचा पसारा, म्हणजे जागा दोन्हीकडे हवी, ‘मुक्ता’ला उकारामुळे खाली, ‘कमल’ला कुठेच नाही, तिथे मारुती मोठा काढता येतो. नाव शाईने लिहितो, पण तारीख पेन्सिलीनेच लिहून देतो, कारण बारशाची तारीख बाळाच्या मामाच्या रजेवर ठरते आणि ती एकदा तरी बदलतेच.