जावर: एकाच डोंगरातली बंद खाण आणि चालू खाण

उदयपूरला गेलेली बहुतेक माणसं तलाव बघतात, महाल बघतात आणि परत येतात. तिथून दक्षिणेला, अहमदाबादच्या बाजूला साधारण चाळीस किलोमीटरवर जावर आहे, आणि माझं प्रामाणिक मत विचाराल तर मेवाडातली सगळ्यात जबरदस्त गोष्ट तिथे आहे. जगात जस्त हा धातू मोठ्या प्रमाणावर, उद्योग म्हणून काढल्याचा सगळ्यात जुना पक्का पुरावा या गावाभोवतीच्या डोंगरांत सापडलाय. आणि त्याच डोंगरांच्या पोटात आजही जस्ताच्या खाणी चालू आहेत. बंद पडलेल्या खाणी मी बऱ्याच बघितल्यात, चालू खाणीही थोड्याफार बघितल्यात, पण दोन्ही एकाच ठिकाणी, एकाच खनिजाच्या, मध्ये शेकडो वर्षांचं अंतर असलेल्या, असं दुसरीकडे कुठे बघितलेलं नाही.

हायवे सोडून आत वळलो की अरवलीच्या बुटक्या टेकड्या दोन्ही बाजूंनी जवळ येत जातात. थंडीचे दिवस होते, झाडं बरीचशी निष्पर्ण, त्यामुळे दगड छान दिसत होता. सोबतचा मित्र जिऑलॉजी शिकलेला, तो दर दोन मिनिटांनी गाडी थांबवायला लावत होता. हा सगळा डोलोमाइट, म्हणजे चुनखडीसारखा दगड, दीडशे कोटी वर्षांहून जुना, आणि त्यातच जस्ताचं आणि शिशाचं खनिज पट्ट्या-पट्ट्यांनी भरलेलं. टेकड्यांची नावंच खाणींना दिलीत: मोचिया, बलारिया, जावर माला, बरोई. मोचियाचा हेडगिअर, म्हणजे खाणीत उतरायच्या उभ्या विहिरीवरचा तो उंच सांगाडा, लांबूनच दिसतो. तिडी नावाची नदी मधून जाते, तिच्या काठाने जुनं जावर पसरलेलं आहे.

जुन्या जावरमध्ये शिरल्यावर आधी पडकी देवळं दिसतात, जैन मंदिरंही आहेत, शिवाचं आहे, बऱ्यापैकी कोरीवकाम, पण माझं लक्ष त्यात फार लागलं नाही खरं सांगायचं तर. कारण पायाखाली कडकड आवाज यायला लागला होता. खाली बघितलं तर माती नाहीच, सगळा भाजलेल्या मातीच्या नळकांड्यांचा चुरा. आणि समोर एक भिंत. साधी गुरांच्या गोठ्याची असावी तशी, छातीएवढी उंच, पण दगडांऐवजी मुशींची, म्हणजे धातू काढायच्या मातीच्या भांड्यांची. एकावर एक आडव्या रचलेल्या शेकडो मुशी, गोल तोंडं बाहेर, मध्ये चिखलाचा लेप. 

मी बराच वेळ त्या भिंतीपाशीच बसलो होतो. एकेक मूस साधारण फूटभर लांब, वांग्याच्या आकाराची, एका टोकाला बंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळती मातीची नळी जोडलेली, बऱ्याच ठिकाणी ती नळी तुटून गेलीय. बाहेरचा पृष्ठभाग वितळून काचेसारखा झालाय, राखेतला क्षार आणि माती उष्णतेने एकजीव झाल्यामुळे, काही ठिकाणी हिरवट, काही ठिकाणी काळपट जांभळा, आणि बोट फिरवलं की ओघळ हाताला लागतात. एका मुशीवर बनवणाऱ्याच्या बोटांचे ठसे होते, ओल्या मातीवर नळी दाबून बसवताना उमटलेले असणार. आत डोकावलं तर तळाशी करड्या रंगाचा खडबडीत गाळ चिकटून बसलेला. रसशास्त्राच्या, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या धातू-रसायनविद्येच्या, ग्रंथांत जस्तासाठी वृंताकमूषा सांगितलीय, म्हणजे वांग्याच्याच आकाराची मूस, ती हीच हे तिथे बसल्यावर चटकन कळतं.

आता एवढ्या मुशी का लागल्या हे समजून घ्यायचं तर जस्ताचा स्वभाव माहीत हवा. तांबं, शिसं, लोखंड यांचं खनिज कोळशाबरोबर भट्टीत तापवलं की धातू खाली जमतो, काढून घ्यायचा, झालं. जस्त तसं करत नाही. जस्ताच्या ऑक्साइडमधून धातू सुटायला १००० अंशांच्या वर तापमान लागतं, आणि जस्त उकळतं ९०७ अंशांना. म्हणजे धातू जन्मालाच वाफ म्हणून येतो! आणि त्या वाफेला जरा हवा लागली की ती परत जळून पांढरी भुकटी होते, हाती काहीच नाही. म्हणून ती वाफ बंद भांड्यात पकडायची, हवा लागू न देता थंड करायची आणि थेंबांच्या रूपात जमा करायची. पण वाफ वर जाते, आणि वरच तर भट्टीची आग.

जावरच्या लोकांनी मूस उलटी केली. तोंड खाली. भट्टीचे दोन मजले, वर आग आणि मुशी, खाली थंड कप्पा, आणि दोन्हींच्या मध्ये भोकं पाडलेल्या भाजक्या मातीच्या फरश्या. मुशीची नळी त्या भोकातून खालच्या कप्प्यात उतरलेली, वाफ नळीतून खाली येणार, गार होणार आणि जस्त खालच्या भांड्यात ठिबकणार. एका फरशीला नऊ मोठी भोकं, चार फरश्या मिळून एक भट्टी, म्हणजे एका वेळी ३६ मुशी, आणि अशा सात भट्ट्या एका ओळीत. म्हणजे एका दमात २५२ मुशी! हे अंदाजपंचे नाही, १९८० च्या दशकात बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ, ब्रिटिश म्युझियम आणि हिंदुस्थान झिंक यांनी मिळून इथे उत्खनन केलं तेव्हा भट्ट्या जागच्या जागी सापडल्या, शेवटच्या वेळी भरलेल्या मुशींसकट.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र काडीची. मूस उलटी केली तर आतला माल खाली पडणार ना? तर हे लोक भाजलेलं खनिज, डोलोमाइट, मीठ आणि जळणारं काहीतरी एकत्र मळून त्याच्या छोट्या गोळ्या करायचे, त्या मुशीत भरायचे आणि मधोमध एक काडी खोचायचे. मूस उलटी करताना काडीमुळे गोळ्या अडकून राहायच्या, नंतर उष्णतेने गोळ्या एकमेकींना चिकटायच्या, तोवर काडी जळून जायची आणि तिच्या जागी वाफेला बाहेर पडायला सरळ वाट तयार व्हायची. एका काडीत दोन कामं. हे ज्याला पहिल्यांदा सुचलं त्या माणसाचं किंवा बाईचं नाव कुठेही लिहिलेलं नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. युरोपात जस्त गाळण्याचं पेटंट ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने १७३८ मध्ये घेतलं, त्याचं नाव सगळ्यांना सापडतं, आणि त्याच्या पद्धतीतही वाफ खालीच उतरवलेली होती. इथल्या भट्ट्या त्याच्या कितीतरी पिढ्या आधीच्या.

मूस एकदा वापरली की संपली, परत वापरता येत नाही, धातू निघाला की फेकून द्यायची. म्हणून ढीग. एका मुशीतून काही शे ग्रॅम जस्त धरलं आणि मग त्या टेकड्यांएवढ्या ढिगांकडे बघितलं, की तोंडातून शब्द फुटत नाही. काही लाख टनांचा चुरा आहे हा. त्यासाठी माती मळणारे किती, लाकूड तोडणारे किती, खनिज वाहणारे किती, गावच्या गाव या एका कामाला जुंपलेलं असणार. एवढं जस्त गेलं कुठे तर पितळेत बरंचसं, आणि बिदरीकामात सुद्धा, म्हणजे काळ्या धातूवर चांदी जडवलेल्या भांड्यांत, त्याचा पाया जस्तच असतो.

दुपारी माला टेकडीच्या बाजूला गेलो. इथे जुन्या खाणींची तोंडं दिसतात, काही नुसत्या फटी, काही चांगल्या मोठ्या गुहा. आत गेलो नाही, जाऊही नये, आधार कुठे आहे आणि खड्डा कुठे हे बाहेरून अजिबात कळत नाही. पण तोंडाशी उभं राहून टॉर्च मारला तरी पुष्कळ दिसतं. भिंती गोलसर, गुळगुळीत, सुरुंगाने फोडलेल्या दगडाला असते तशी धार कुठेच नाही. कारण हा दगड आगीने फोडलाय. भिंतीला लाकडं रचून पेटवायची, दगड तापून तडकला की लोखंडी छिन्नीने तो पापुद्रा काढायचा, पुन्हा लाकडं. एका बाजूला छतावर काजळीचा थर अजून दिसत होता, निदान आम्हाला ती काजळीच वाटली. या जुन्या खाणींच्या आत लाकडी आधार आणि शिड्यांचे अवशेष मिळालेत, त्यांचं कार्बन डेटिंग दोन हजार वर्षांहून मागे जातं. तेव्हा बहुधा शिशासाठी आणि त्यातल्या चांदीसाठी खणत असावेत, मोठ्या प्रमाणावर जस्त गाळणं नंतर सुरू झालं. महाराणा लाखाच्या काळात, म्हणजे चौदावं शतक संपता संपता, या खाणी जोरात आल्या असं मेवाडचा इतिहास सांगतो. महाराणा प्रताप संकटाच्या काळात इथल्या एका गुहेत राहिले होते असंही तिथे सगळे सांगतात.

मग हे सगळं बंद का पडलं? याचं उत्तर मराठी माणसाने शांतपणे ऐकायला हवं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मेवाडवर मराठ्यांच्या स्वाऱ्या होत राहिल्या, खंडणी वसूल होत राहिली, गावं ओस पडत गेली, आणि जे काही उरलं होतं ते १८१२-१३ च्या दुष्काळाने संपवलं. १८१८ मध्ये कर्नल जेम्स टॉड इंग्रजांचा पोलिटिकल एजंट म्हणून मेवाडात आला तोवर खाणी बंद पडलेल्या होत्या, या खाणींतून राज्याला पूर्वी किती मोठं उत्पन्न मिळायचं ते त्याने लिहून ठेवलंय, फक्त जस्ताला तो कथील म्हणतो. शिंदे-होळकरांच्या उत्तरेतल्या मोहिमा ऐकत मी मोठा झालो, त्यांचा अभिमान आजही आहे, पण त्या ढिगावर उभं राहिल्यावर पहिल्यांदा असं वाटलं की ही भट्टी विझण्यात आपलाही हात होता. भट्टीचं ज्ञान कागदावर नव्हतं, हातात होतं. ती माणसं पांगली आणि ज्ञानही गेलं.

खाणी परत उघडल्या त्या १९४० च्या दशकात. १९६६ मध्ये हिंदुस्थान झिंक, म्हणजे आता या खाणी चालवणारी कंपनी, सरकारी कंपनी म्हणून स्थापन झाली, २००२ मध्ये तिचं खासगीकरण झालं. चालू खाणीत आम्हाला जाता आलं नाही, त्याला रीतसर परवानगी लागते. पण गावात एक रिटायर झालेले काका भेटले, आयुष्यभर मोचियात ड्रिलिंग केलेले, आणि त्यांनी ओसरीवर बसवून तासभर सगळं सांगितलं. आधी केजने, म्हणजे खाणीतल्या पिंजऱ्यासारख्या लिफ्टने, खाली जायचे, हातात धरायच्या ड्रिलने भोकं पाडायचे, आवाजाने कान गेले ते गेलेच, आम्हालाही मोठ्याने बोलावं लागत होतं. आता डिक्लाइनवरून, म्हणजे उतरत्या बोगद्यातून, मोठ्या गाड्या थेट आत जातात. खाली खणताना मध्येच जुन्या लोकांची पोकळी लागायची का असं विचारलं तर म्हणाले हो, वरच्या भागात लागायची, आणि अशा वेळी सगळे थोडं जपून असायचे, कारण जुन्या पोकळीत पाणी साठलेलं असू शकतं.

त्यांच्या खिडकीत खनिजाचा एक तुकडा होता. हातात घेतला आणि वजनाने मनगट खाली गेलं. पांढरट डोलोमाइटमध्ये तपकिरी, राळेसारखी चमक असलेला स्फॅलराईट, हेच जस्ताचं खनिज, आणि त्याच्या कडेने गॅलेना, शिशाचं, फुटलेल्या जागी बारीक बारीक चौकोनी पायऱ्या आणि आरशासारखी चकाकी. मध्ये पायराईटचे पिवळे ठिपके. मित्राने कोपऱ्यावर सुरीने खरवडून दाखवलं, स्फॅलराईट एवढा गडद असून त्याची पूड फिकट पिवळसर निघते, आणि अगदी हलका गंधकाचा वास येतो. दोन्ही खनिजं अशी एकमेकांत घुसलेली, वेगळी करायची कशी? तर सगळं बारीक दळायचं, पाण्यात टाकून फेस आणायचा, ठरावीक रसायनं घातली की आधी गॅलेनाचे कण फेसाबरोबर वर येतात, ते काढून घ्यायचे, मग मोरचूद घालायचं की स्फॅलराईट वर यायला लागतो. उरलेली राखाडी मळी टेलिंग डॅममध्ये, म्हणजे ती साठवायला बांधलेल्या तळ्यात. तो डॅम रस्त्यावरून दिसतो, सपाट आणि अवाढव्य, आणि मला तो बघून त्रास झाला हेही लिहिलं पाहिजे. जुन्यांनी मुशींचे ढीग मागे ठेवले, आपण हे ठेवणार.

दुसऱ्या दिवशी राजसमंदमधल्या दरीबाला आणि भिलवाड्याकडच्या रामपुरा आगुचाला गेलो, पण दोन्हीकडे बाहेरूनच. दरीबाला गंजासारखा लालभडक माथा असलेली टेकडी दिसते, खाली सल्फाइड खनिज असलं की वरचा भाग असा कुजून लोखंडी होतो, जुन्या लोकांना खाण कुठे खणायची ते या रंगावरूनच कळायचं. आगुचाचा साठा १९७७ मध्ये सापडला, १९९१ पासून खणायला लागले, जगातल्या सगळ्यात मोठ्या जस्त खाणींत तिची गणना होते. तिथला उघडा खड्डा खणून खणून चारशे मीटरच्या वर खोल गेला आणि २०१८ मध्ये वरून खणणं थांबलं, आता सगळं जमिनीखालून.

परत येताना जावरवरून आलो, वाकडी वाट करून. एका ठिकाणी रस्त्याच्या कडेला ढीग ताजा कापलेला दिसला, भरावासाठी चुरा नेला असणार, आणि कापलेल्या बाजूला मुशींचे थर उघडे पडले होते, खाली लहान मुशी, वर मोठ्या. मित्र म्हणाला की पद्धत कशी बदलत गेली ते या थरांवरूनच वाचता येतं, म्हणून अशा ढिगातून एक मूससुद्धा उचलू नये. जाणार असाल तर कृपया हे लक्षात ठेवा. भिंतीतल्या मुशी मनसोक्त बघा, फोटो काढा, ज्यांची भिंत आहे त्या घरच्यांना आधी विचारा, ते हौसेने दाखवतात. आणि जमलं तर ढीग कापला जाताना दिसला की पुरातत्त्व खात्याला दोन ओळींचं पत्र टाका, आम्ही टाकलंय.